विनोदवीरांनी बर्फाच्या टबाची पण खेचावी की

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कॉमेडियन लोकांच्या पॉडकास्टवर लेख होता, हल्ली हे लोक विनोद सोडून झोप, व्हिटॅमिन, गुडघे नि थंड पाण्याची अंघोळ यावरच तासन् तास बोलतात आणि यांना तब्येतीवर बोलायचा अधिकार कोणी दिला, असा एकूण सूर. मला नाही पटलं. म्हणजे तक्रार बरोबर आहे पण पकडलाय चुकीचा माणूस, असं काहीतरी.

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे आणि या गप्पा आवडीने ऐकतो. दोन विनोदवीर समोरासमोर बसलेत, एक म्हणतो मी काल नुसता झोपून उठलो तर मान धरली, दुसरा म्हणतो मी खुर्चीतून उठताना तोंडातून आवाज निघतो तो माझा नाहीये, माझ्या वडिलांचा आहे. आता यात मेडिकल सल्ला कुठे आहे सांगा. पण यात जेवढं खरं वय आहे तेवढं मला आरोग्याच्या सदरात कधी दिसलं नाही (तुमच्याही, राग नसावा). चाळिशीनंतर डोळ्याच्या आतलं भिंग कडक होत जातं, म्हणून जवळचं दिसत नाही, हे कुठेही वाचायला मिळतं हो, पण फोन लांब धरता धरता हातच कमी पडायला लागला हे जेव्हा एखादा स्टेजवर करून दाखवतो तेव्हा समोरचे चारशे लोक एकदम हसतात कारण प्रत्येकाला वाटत असतं हे फक्त आपल्यालाच होतंय. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, प्रोस्टेट, कोलोनोस्कोपी (नळी घालून आतडं आतून बघायची तपासणी), घरात कोणी मोठ्याने बोलत नाही असे विषय या लोकांनी चारचौघांत आणलेत. अमेरिकेत २०२१ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं, आणि आपल्या तपासणीचा पूर्ण किस्सा सांगणारा कॉमेडियन ऐकून ज्याची भीती मोडली असा माणूस मला तरी पत्रकापेक्षा जास्त शक्य वाटतो.

बिली कॉनोलीचं बघा. स्कॉटलंडचा विनोदवीर, १९४२ चा जन्म. २०१३ मध्ये पार्किन्सन्स म्हणजे कंपवात असल्याचं जाहीर झालं आणि गड्याने त्याच आजारावर स्टेजवर विनोद केले. उपाय सांगितला नाही, अमुक घ्या तमुक सोडा काही नाही.

माझी अडचण वेगळी आहे. गप्पा रंगात असतात, बायको, मुलं, ट्रॅफिक, स्वतःचं पोट, सगळ्यांची यथेच्छ टर उडवून झालेली असते, आणि मग विषय येतो कोल्ड प्लंजचा, म्हणजे बर्फाच्या पाण्याच्या टबात जाऊन बसायचं, आणि बघा हं, आवाजच बदलतो. अचानक गंभीर. "माझं आयुष्य बदललं." समोरचा दुसरा कॉमेडियन, ज्याने आयुष्यात कोणाला सोडलं नाही, तो पण मान डोलावतो. अरे बाबा, पन्नास वर्षांचा माणूस पहाटे उठून दात वाजवत बर्फात बसतो आणि वर विचारतो तू किती मिनिटं टिकतोस, यापेक्षा मोठा विनोद तुला आणखी काय पाहिजे? नेमका तिथेच यांचा विनोद का आटतो, हा माझा प्रश्न आहे.

एक कारण उघड आहे, धंदा. जो रोगन हा मूळचा स्टँडअपवाला, २००९ पासून पॉडकास्ट करतो, ऑनिट नावाच्या सप्लिमेंट कंपनीत त्याची भागीदारी होती आणि ती कंपनी २०२१ मध्ये युनिलिव्हरने विकत घेतली. चोरी नाहीये ही, सगळं उघड होतं. पण ज्या गोळीत आपला हिस्सा आहे तिची टिंगल कोण करेल. आणि अमेरिकेत १९९४ च्या कायद्याप्रमाणे सप्लिमेंट विकायच्या आधी ती काम करते हे सरकारला सिद्ध करून दाखवावं लागत नाही, म्हणजे तपासायचं काम कोणीतरी करायला हवं होतं तर ते किमान संशय घ्यायची सवय असलेल्या माणसाने तरी करावं ना.

दुसरं म्हणजे मटेरियल भरपूर आहे हो! २०१५ चा एक अभ्यास आहे, वजनं उचलल्यावर लगेच दहा मिनिटं थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू तीन महिन्यांत न बसणाऱ्यांपेक्षा कमी वाढले. म्हणजे एवढा घाम गाळून जे कमावलं त्यातलंच थोडं कुडकुडत पाण्यात घालवलं. अभ्यास छोटा होता, मान्य, पण विनोदाला पुरतो की. दिवसाला दहा हजार पावलं हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरच्या (पावलं मोजायच्या यंत्राच्या) नावातून आलाय, कोण्या डॉक्टरच्या प्रयोगातून नाही, आणि २०१९ मध्ये सरासरी ७२ वयाच्या बायकांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात फायदा साधारण ४४०० पावलांनाच दिसायला लागला आणि ७५०० च्या आसपास थांबला. रात्री साडेअकराला बेडरूममध्ये येरझाऱ्या घालणारी माणसं आहेत या जगात, घड्याळातला आकडा पुरा करायला. यावर एकही धड जोक मी ऐकला नाही.

थंड पाण्याचं एक मात्र हसण्यावारी नेऊ नये. पहिल्या मिनिटात श्वास एकदम खेचला जातो, बीपी आणि ठोके वाढतात, हृदयाचा त्रास असलेल्याला ते महागात पडू शकतं. पॉडकास्टमध्ये हे वाक्य असतं कधीकधी, पण जाहिरातीच्या स्पीडने.

तुमच्या लेखात अमेरिकन विनोदवीर जॉर्ज बर्न्सचं उदाहरण होतं, आयुष्यभर सिगार ओढून शंभर वर्षं जगला म्हणून. माणूस खरोखर १८९६ ते १९९६ जगला. पण हे उदाहरण दोन्हीकडचे लोक वाट्टेल तसं वापरतात, एक म्हणतो बघा सवयींना अर्थ नाही, दुसरा म्हणतो बघा हसण्याने आयुष्य वाढतं, आणि सिगार ओढून लवकर गेलेल्या विनोदवीरांना मुलाखतीला कोण बोलावणार. शिवाय लेखात अर्धी गोष्टच आली. शंभराव्या वाढदिवसाला स्टेजवर उभं राहायचं त्याने ठरवलं होतं. ते राहून गेलं कारण १९९४ मध्ये तो बाथटबमध्ये पडला आणि मग पहिल्यासारखा सावरला नाही. सिगारने नाही, बाथरूमने घात केला.

आणि हे पडणं ना, म्हातारपणातलं सगळ्यात बिनग्लॅमरचं प्रकरण आहे. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये जगभरात रस्ता अपघातानंतर पडण्याचाच नंबर लागतो. २०२२ मध्ये ५१ ते ७५ वयाच्या सुमारे १७०० लोकांना नुसतं एका पायावर दहा सेकंद उभं राहायला सांगितलं तर पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. तोल गेल्यानेच मेले असं नाही, त्यांच्यात आधीचे आजारही जास्त होते, तोल हे नुसतं लक्षण असू शकतं. पण यात विकायला काही नाही. ना टब, ना डबी, ना कूपन कोड. म्हणूनच ऐकू येत नसावं.

कार्ल रायनर आणि मेल ब्रुक्स या अमेरिकन विनोदवीर दोस्तांनी १९६० मध्ये रेकॉर्ड काढली होती, रायनर गंभीर मुलाखतकार आणि ब्रुक्स दोन हजार वर्षांचा म्हातारा, हा दीर्घायुष्याचं रहस्य विचारणार आणि तो ठासून काहीतरी फालतू सांगणार. आजच्या निम्म्या वेलनेस पॉडकास्टचं विडंबन पासष्ट वर्षं आधीच झालंय. गंमत म्हणजे दोघांनाही भरपूर आयुष्य लाभलं, रायनर ९८ व्या वर्षी, २०२० मध्ये गेले, आणि उतारवयात दोघं संध्याकाळी एकत्र बसून टीव्ही बघायचे. याला आजकाल बहुतेक दीर्घायुष्याचा प्रोटोकॉल म्हणतील.

तर संपादकसाहेब, या लोकांना गप्प करा असा सूर नको. उलट पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा कोणत्या कार्यक्रमाचा प्रायोजक कोण आहे ते शेजारी चौकटीत द्या, वाचक काय ते समजून घेतील. आणि त्या एका पायावर उभं राहण्याच्या चाचणीबद्दल लिहिणार असाल तर भिंतीजवळ किंवा खुर्ची धरून करा हे ठळक अक्षरात छापा, नाहीतर आमच्या वयाचे लोक पेपर हातात धरूनच सुरू करतील.

आपला,
एक जुना वाचक