गेज खोटंच असतं म्हणून सोडून देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या अंकात छोट्या विमानांच्या इंधनाच्या मापावर लेख आला, बरं वाटलं, मराठीत या विषयावर कोण लिहितंय. पण त्यात एक वाक्य ठळक अक्षरात छापलंय, की सेस्नासारख्या विमानाचं फ्युएल गेज (टाकीत किती इंधन आहे ते दाखवणारं काट्याचं यंत्र) फक्त टाकी रिकामी असताना बरोबर दाखवत असलं तरी नियमाला चालतं. हे साफ चूक आहे. हँगरमध्ये, क्लबात सगळीकडे हे ऐकू येतं, चांगले चांगले इन्स्ट्रक्टर पण ठोकून देतात, आणि आता पेपरातच छापून आलं म्हटल्यावर बारामती, धुळे, गोंदियाला फ्लाइंग शिकणारी पोरं ते पाठच करणार.

मूळ नियम अमेरिकेच्या विमान नियमावलीतला, २३.१३३७, जुन्या आवृत्तीतला. त्यात म्हटलंय की विमान लेव्हल उडत असताना टाकीत फक्त न वापरता येणारं इंधन उरलं की काटा शून्यावर आला पाहिजे. म्हणजे शून्य कुठे धरायचं एवढंच त्यात सांगितलंय. सेस्ना १५२ च्या स्टँडर्ड टाक्यांमध्ये २६ गॅलन मावतं, त्यातलं साडेचोवीस वापरता येतं, उरलेलं दीड गॅलन म्हणजे पावणेसहा लिटरच्या आसपास इंधन टाकीत असून नसल्यासारखं, त्याच्या भरवशावर उडायचं नाही म्हणून काटा तिथेच शून्य दाखवणार. मधल्या आकड्यांना वाटेल ते दाखवायची सूट त्यात कुठेही नाही, उलट त्याच नियमावलीतल्या ९१.२०५ नियमात प्रत्येक टाकीतलं इंधन दाखवणारं गेज चालू हवं असं सरळ लिहिलंय.

आता गेज चुकतं का, तर चुकतं, मी कशाला नाही म्हणू. टाकी पंखात, उथळ आणि पसरट, त्यात एक फ्लोट, त्याला दांडी, दांडीचं दुसरं टोक रेझिस्टन्सच्या तारेवर घासत फिरतं. वर्षानुवर्षं त्याच जागी घासून तार झिजते, अर्थिंगच्या जागी गंज धरतो, आणि टाकी उथळ असल्यामुळे पातळी बोटभर बदलली तरी लिटरचा हिशोब बराच बदलतो, त्यात हवा खराब असली की काटा नाचतो. पंख बाहेरच्या बाजूला उचललेले असले आणि फ्लोट आतल्या बाजूला असला तर काही विमानांत टाकी भरलेली असताना सुरुवातीचे काही लिटर संपले तरी काटा फुलवरून हलतच नाही. पण यातल्या बऱ्याचशा गोष्टी सेंडर (फ्लोट, दांडी आणि तारेचा हा संच) बदलून, वायरिंग साफ करून, टाकीत मोजून मोजून इंधन ओतत कॅलिब्रेशन करून सुधारता येतात. करत नाहीत, कारण "गेजवर कोण विश्वास ठेवतं" हे उत्तर तयार असतं. एका ठिकाणी डाव्या टाकीचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला मी स्वतः बघितलाय, स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहिलाच नव्हता, विचारलं तर म्हणे आम्ही डिप मारतो ना. डिप मारता, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजता, ते उत्तमच, पण हवेत गेल्यावर डिप कुठे मारणार?

तुमच्या लेखातला दुसरा मुद्दा असा की डिजिटल फ्युएल फ्लो आला म्हणजे गेजची गरज संपली. फ्युएल फ्लोचं यंत्र काय करतं हे आधी बघा. इंधनाच्या पाइपमध्ये एक छोटी चक्री बसवलेली असते, इंधन वाहिलं की ती फिरते आणि प्रत्येक फेरीला प्रकाशाची किरण तोडते, त्या तुटण्याचे पल्स मोजले जातात. अशा एका प्रचलित ट्रान्सड्यूसरचा (म्हणजे या चक्रीच्या यंत्राचा) आकडा गॅलनला ६८,००० पल्सच्या आसपास आहे, याला के-फॅक्टर म्हणतात. नीट सेट केला तर माप फार छान येतं, फक्त तो बसवून विसरून जायचा नसतो. दर वेळी टाकी भरताना टोटलायझर (याच यंत्राचं, वापरलेल्या इंधनाची बेरीज ठेवणारं मीटर) किती वापरलं म्हणतो आणि बोझरच्या (इंधनाच्या टँकरच्या) मीटरवर किती आलं ते लिहून ठेवायचं, तेही विमान त्याच जागी, त्याच उतारावर उभं करून, कारण एप्रनचा (विमान उभं करायच्या जागेचा) ढाळ जरा बदलला तरी "फुल" टाकीत दोन-चार लिटरचा फरक पडू शकतो, म्हणून एकदा भरून निष्कर्ष काढायचा नाही, बऱ्याच फेऱ्यांची बेरीज घ्यायची. टोटलायझर १०० म्हणतोय आणि प्रत्यक्षात १०४ लिटर भरलं तर के-फॅक्टर त्या प्रमाणात खाली आणायचा. एवढंच काम आहे. ५ टक्के चूक किरकोळ वाटते, पण तासाला ३४ लिटर खाणाऱ्या विमानाच्या ४ तासांच्या उड्डाणात ती जवळजवळ ७ लिटर होते, म्हणजे १२ मिनिटं.

(जुन्या इंजेक्शनच्या इंजिनांवरचं फ्लो मीटर तर खरं प्रेशर गेजच असतं, फक्त आकडे फ्लोचे छापलेले. नॉझल तुंबलं की इंधन कमी जातं आणि काटा जास्त दाखवतो!)

पण टोटलायझर म्हणजे पासबुक आहे, सुरुवातीची शिल्लक तुम्हीच लिहायची. टाकी पाऊण भरलेली असताना "फुल" चं बटण दाबलं तर तो शेवटपर्यंत त्याच हिशोबाने वजाबाकी करत राहणार. आणि चक्रीतून जे जातं तेवढंच त्याला कळतं. टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पंखावरच्या कमी दाबामुळे इंधन वरच्या वर ओढलं जातं, उतरल्यावर झाकणामागे १०० एलएलचा (या विमानांच्या पेट्रोलचा) निळा डाग दिसतो, टोटलायझरला मात्र याचा पत्ताच नसतो. ते हवेत असताना दाखवू शकणारी एकच वस्तू, तुम्ही ज्याला निकामी म्हणालात ते गेज. तसंच पायपर चेरोकीमध्ये डावी-उजवी टाकी हाताने बदलावी लागते, तिथे टोटलायझर ६० लिटर शिल्लक दाखवत असतो आणि ते सगळं दुसऱ्या टाकीत असतं, इंजिन बंद पडलं की मग कळतं.

अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेने) २०१७ मध्ये यावर सेफ्टी अलर्ट काढला होता. २०११ ते २०१५ मध्ये इंधनाच्या गैरव्यवस्थापनामुळे तिथे वर्षाला सरासरी ५० पेक्षा जास्त अपघात झाले, त्यातले ५६ टक्के इंधन खरोखर संपल्यामुळे आणि ३५ टक्के विमानात इंधन असूनही इंजिनापर्यंत न पोचल्यामुळे. यंत्रणा बिघडल्याचं कारण फक्त ५ टक्के प्रकरणांत. हाच आकडा दाखवून लोक म्हणतात बघा, गेजचा काही संबंध नाही, सगळी पायलटची चूक. मला ते पटत नाही. वर्षानुवर्षं ज्याला "ते खोटंच दाखवतं" असं शिकवलं तो काटा खाली जाताना बघूनही टोटलायझरवरच विश्वास ठेवणार, आणि कागदावर ती चूक पायलटच्याच नावावर जाणार. माझं म्हणणं, डिप, घड्याळ, टोटलायझर आणि गेज यातलं एक जरी बाकीच्यांशी जुळेना तर जो सगळ्यात कमी इंधन सांगतो तो खरा धरून उतरायचं, आणि उतरल्यावर स्नॅग लिहायचाच, मग एएमई (विमानाची देखभाल करणारा इंजिनिअर) कितीही तोंड वाकडं करो.

जाता जाता, लेखासोबतच्या चौकटीत सेस्ना १५२ चं वापरण्याजोगं इंधन ९८ लिटर छापलंय. ते एकूण आहे, वापरण्याजोगं ९३ च्या आसपास. तेवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापा.

आपला,
एक निवृत्त एएमई, नागपूर