घर तुझंच आहे, फक्त कार्डात नको

तीर्थरूप आण्णा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, तब्येत ठणठणीत आहे. फोनवरच बोललो असतो. पण आण्णा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर बसता आणि निम्मी आळी ऐकते. हे आळीनं ऐकायचं नाही.

परवा मी म्हटलं, पुण्याची खोली सोडतो, लोणंदच्या एमआयडीसीत 19,000 वर काम लागलंय, घरूनच ये-जा करीन. तुम्ही जरा वेळ गप्प झालात आणि म्हणालात, "ये की. घर तुझंच आहे. फक्त रेशन कार्डात नाव घालू नको." मी तेव्हा हसलो. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. राग आला नाही, खोटं कशाला बोलू. पण रात्री वही घेऊन हिशेब मांडत बसलो.

पोरगं कार्डात आलं की म्हाताऱ्याचा पगार बंद, असं पारावर कुणीतरी भरवलं असणार. ते काही अगदीच खोटं नाही. श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत लागतं. माझा एका महिन्याचा पगार आणि वर 2,000, की मर्यादा संपली. तुमचे महिन्याचे 1,500 गेले. रेशनचंही तेच. गावाकडं प्राधान्य कुटुंबाला 44,000 ची अट आहे, म्हणजे माझं पाच किलो वाढायचं राहिलं बाजूला, तुम्हा दोघांचं दहा किलो जाईल. पुण्याला जाताना मी नाव कमी केलं होतं, म्हणून आजवर कुणी विचारलं नाही.

ही 21,000 ची अट कुणी काढली देव जाणे. रोजगार हमीच्या 2025-26 मधल्या 312 रुपये रोजानं एकट्या माणसानं 68 दिवस माती उपसली की तो त्या अटीबाहेर. उरलेले 297 दिवस त्यानं घरी बसायचं, तरच तो गरीब!

माझ्या इथल्या जोडीदारानं यावर तोडगा सांगितला. मागच्या खोलीत वेगळी शेगडी मांड, विभक्त कार्ड काढ, चूल वेगळी दाखवली की झालं. खरं सांगतो, एक संध्याकाळ मला ते पटलंही होतं. पण मग चौकशीला तलाठी भाऊसाहेब येणार (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), आणि माझी पँट दोरीवर वाळत असताना आईनं त्यांना सांगायचं की पोराचं आणि आमचं काही एक नाही. आईला ते जमणार नाही. जमलं तर मला बघवणार नाही.

आई, आता तुझं. हे लिहायला जड जातंय, कारण चूक माझी आहे. लाडक्या बहिणीचा फॉर्म भरताना आपलं केशरी कार्ड होतं म्हणून उत्पन्नाचा दाखला लागला नाही, आणि हमीपत्रावर तू सही केलीस. त्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. ताईला त्यात धरत नाहीत, तिचं लग्न झालं. मी 35 वर्षांचा घोडा, पुण्यात राहत असलो तरी धरतात. तेव्हा मला महिना 38,000 होते आणि वर्षाची मर्यादा अडीच लाख. त्यात माझ्या नावावर ही जुनी चारचाकी, आणि घरात चारचाकी असली तरीही पैसे मिळत नाहीत. म्हणजे मी घरी आल्यानं तुझे पैसे जाणार नाहीत, ते मुळात तुला लागूच नव्हते. तुला हे माहीत नव्हतं. मला गेल्या वर्षी कळलं आणि मी गप्प बसलो. दिवाळीला आलो तेव्हा तू म्हणालीस, गाडी मारुतीच्या देवळामागं लाव, दारात नको. तुलाही कुठून तरी कुणकुण लागली होती ना? आता योजनेतून तुझं नाव काढून घेऊ. मी बरोबर येतो, सगळं मीच बोलतो.

दोघांचे मिळून 3,000 जातील. ते मी भरून काढीन, त्यात काही मोठेपणा नाही; खोलीचं भाडंच तेवढं वाचतंय. अडचण दुसरीच आहे. आण्णा, मागच्या महिन्यात मी तुमच्याबरोबर बँकेत आलो होतो. मशीनवर तुमचा अंगठा उमटेना. पोरानं ओलं फडकं दिलं, तुम्ही अंगठा पुसून वर धोतराला घासला, तिसऱ्या खेपेला घेतला. नोटा दोनदा मोजल्यात. मग भज्यांच्या गाडीवर मी खिशात हात घातला तर तुम्ही मनगट धरलंत, "आज माझा पगार झालाय." हे 1,500 मी हातावर ठेवले तर तुम्ही ते घेणार नाही, आणि घेतलेच तर बंडीत ठेवून मलाच पेट्रोलला द्याल.

म्हणून असं ठरवलंय. दर महिन्याच्या 5 तारखेला तुमच्या त्याच खात्यात 1,500 आपोआप जमा होतील, तसेच आईच्या खात्यात. अंगठा तुम्हीच लावायचा, मोजायचे तुम्हीच. आईनं बचत गटाचे 200 त्यातूनच भरायचे. सरकारच्या आणि पोराच्या पैशात फरक असतो, मला कळतं. मी काय खर्च केला विचारणार नाही, तुम्ही माझं भाडं काढू नका.

काही गोष्टींना मात्र माझ्या येण्यानं धक्का लागत नाही. एसटीचं अर्धं तिकीट वयावर आहे, ते चालूच राहील. 75 पूर्ण झाली की फुकट. आणि तुम्ही 70 पूर्ण केलीत, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं राहिलंय. त्याला उत्पन्न विचारत नाहीत, वर्षाला 5 लाखांपर्यंतचा दवाखाना निघतो. मी येईपर्यंत आधार तेवढं शोधून ठेवा, ट्रंकेत तळाला असेल.

रविवारी सामान घेऊन येतो. सोमवारी तहसीलला जाऊन कार्डात नाव घालायचा अर्ज देऊ. आई, अंगणातली लाकडं जरा सरकवून ठेव, गाडी दारातच लावणार आहे.

तुमचा,
बाळू