मोडलेल्या हाडाच्या स्क्रूसाठी पेठेतल्या घराघरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

यंदा तालमीची पोरं गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकाबरोबर आणखी एक पावतीपुस्तक घेऊन दारात येतील. हाड मोडलेल्या गरजू माणसाला लागणारे स्क्रू, प्लेट आणि रॉड यांच्यासाठी मंडळाला कायमचा निधी उभा करायचा आहे.

गेल्या पावसाळ्यात आपल्या गल्लीतल्या भाजी विकणाऱ्या मावशी पहाटे कपिलतीर्थ मंडईला निघताना दारातल्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं. ते झालं सातव्या दिवशी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसला असता, पण रेशन कार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं. कागद जुळेनात. दुसरीकडे न्यावं तर इम्प्लांटचे, म्हणजे हाडात बसवायच्या स्क्रू-प्लेटचे, पैसे आधी भरायचे होते. पोरांनी दोन संध्याकाळी घरोघरी फिरून रक्कम जमवली, पण फिरायला लागलीच मुळी पाचव्या दिवशी, कारण तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढे दिवस मावशी उताण्या पडून होत्या. कूस बदलायची म्हटली की ओरडायच्या. कंबरेखालचं कातडं सोलवटलं, छातीत कफ धरला.

ऑपरेशननंतरचा एक्स-रे आम्ही खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. करंगळीएवढा जाड स्क्रू मांडीच्या हाडातून तिरका वर खुब्याच्या गोळ्यात गेलेला, आणि बाजूच्या प्लेटला चार लहान स्क्रू. दुसऱ्या दिवशी मावशी वॉकर धरून उभ्या राहिल्या. हे पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं, ही खंत आमच्या मनातून गेलेली नाही.

हे स्क्रू म्हणजे काय, हे उद्यमनगरात लेथ चालवलेल्या आपल्या थोरल्यांना वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी समजावून सांगितलं तेव्हा तालमीतले एक जुने मिस्त्री सगळ्यांत पुढे बसले होते. हाडाच्या कडक भागात 4.5 मिलिमीटरचा स्क्रू बसवायचा तर आधी 3.2 चं ड्रिल मारतात, गेज घालून खोली मोजतात, टॅपने आटे पाडतात आणि मग स्क्रू आवळतात. हाडाच्या टोकाशी आतला भाग जाळीदार, मऊ असतो. तिथे 6.5 चा खोल आणि विरळ आट्यांचा स्क्रू लागतो, लाकडाच्या स्क्रूसारखा. दोन तुकडे एकमेकांवर घट्ट दाबायचे असतील तर अलीकडच्या तुकड्यातलं भोक मोठं ठेवायचं, म्हणजे आटे फक्त पलीकडच्या तुकड्यात धरतात आणि आवळलं की फट मिटते. मिस्त्री लगेच म्हणाले, "म्हणजे आपलंच काम की!" धातू मात्र साधा चालत नाही. 316 एल जातीचं स्टील किंवा टायटॅनियम लागतं, म्हणजे शरीरातल्या खाऱ्या पाण्यात ते गंजत नाही. स्क्रू हाड सांधत नाही, ते शरीरच सांधतं. तोवर तुकडे जागच्या जागी धरून ठेवायचं काम स्क्रूचं.

साधा स्टीलचा स्क्रू काही शे रुपयांत येतो. पण नडगी मोडली की एक प्लेट आणि आठ-दहा स्क्रू लागू शकतात, आणि हातावर पोट असलेल्या घरात ते पैसे एका रात्रीत उभे राहत नाहीत. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले कामगार, गावाकडे कागद ठेवून आलेली ऊसतोडीची कुटुंबं, शाहू स्टेडियमवर घोटा मोडून घेणारी आपली पोरं, असे कितीतरी. योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि पहिला प्रयत्न तिथेच होईल. कागद पूर्ण करायला मंडळाचे दोन कार्यकर्ते सोबत येतील. निधी वापरायचा तो कागद अडले तर किंवा खर्च योजनेत बसला नाही तर.

पहिल्या वर्षी 2 लाख रुपये जमावेत, अशी इच्छा आहे. घरटी महिन्याला 100 रुपये दिलेत तरी मोठा आधार होईल. पैसे रुग्णाच्या किंवा कार्यकर्त्याच्या हातात दिले जाणार नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी पाहून बिलाप्रमाणे थेट धनादेश निघेल. इम्प्लांटच्या पाकिटावर लॉट नंबरचं, म्हणजे तो माल कुठल्या खेपेतला त्याचं, स्टिकर असतं, ते रुग्णाच्या केसपेपरला लागलंय का हे आम्ही पाहू. बिलाची प्रत, रुग्णाचं नाव झाकून, तालमीच्या फलकावर लागेल.

एक विनंती आहे. परवा एक काका आपल्या पायातून काढलेले सहा स्क्रू काड्यापेटीत जपून घेऊन आले, कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून. त्यांच्या भावनेला नमस्कार, पण एकदा शरीरात बसवलेला स्क्रू पुन्हा दुसऱ्याला वापरत नाहीत. वस्तूच द्यायची असेल तर वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, हवेची गादी द्या. माळ्यावर पडलेली असली तरी चालेल, दुरुस्ती आम्ही करून घेऊ. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी रक्तदात्यांच्या यादीत नाव द्यावं, किंवा दवाखान्यात एक रात्र सोबतीला बसावं.

पावतीपुस्तक तालमीत रोज संध्याकाळी 7 ते 9 या वेळेत असेल. आणि कुणाच्या घरात, शेजारी, कामावर कुणी पडलं, हाड मोडलं, तर त्याच दिवशी सांगा. मध्यरात्री असलं तरी तालमीचं दार वाजवा.

आपले नम्र,
तालीम मंडळाचे सर्व पदाधिकारी व कार्यकर्ते, कोल्हापूर