गाडीने कोणाला मारावं, याचं मतदान कशाला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विनाचालक गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिने कोणाला वाचवावं, असं 'मॉरल मशीन' या संकेतस्थळावरून अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरच्या लोकांना विचारलं होतं. सुमारे 4 कोटी उत्तरं आली, निष्कर्ष 2018 मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात छापून आले. कौल बहुतेक ठिकाणी तरुणांच्या बाजूने. आम्हा म्हाताऱ्यांचा नंबर कुत्र्याच्या जरासा वर लागला! पूर्वेकडच्या देशांत तरुणांकडचा कल कमी दिसला, तेवढंच समाधान.

नंबराचा मला राग नाही. माझी तक्रार प्रश्नाबद्दल आहे. माझी उभी हयात जड वाहनं चालवण्यात गेली. 'याला उडवू की त्याला' असा पेच स्टिअरिंगवर कधी पडला नाही. रस्त्याकडेला गाडी उभी दिसली की तिच्या खालून पलीकडचे पाय दिसतात का, ते आधी बघायचं. दिसले की माणूस बाहेर यायची वाट न बघता ॲक्सिलरेटर सोडायचा. जीव वाचतो तो तिथे. शेवटच्या क्षणी करण्यासारखं फारसं काही उरतच नाही.

मार्च 2018 मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या विनाचालक चाचणी-गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडवलं. त्या दगावल्या. चौकशीत निघालं ते असं: गाडीच्या यंत्रणेला त्या साडेपाच सेकंद आधीच दिसल्या होत्या. पण समोर वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, यावरच तिचा घोळ चालू राहिला. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्त्यात येऊ शकतो, हे तिच्या हिशेबात नव्हतंच. शिवाय उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून धोका ओळखल्यावरही यंत्रणेने एक सेकंद थांबावं, अशी सोय केलेली होती. देखरेखीला बसलेल्या चालकाचं लक्ष मोबाइलवर होतं, तो दोष वेगळा. पण तो एक सेकंद कोणी ठरवला? त्यावर कुठे घेतलं होतं जनमत?

तसं जनमतही सोयीचंच असतं म्हणा. 2016 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या पाहणीत लोकांनी सांगितलं, की जास्त जीव वाचवण्यासाठी आतल्या प्रवाशाचा बळी देणारी गाडी योग्य. स्वतः बसायला मात्र आतल्याला वाचवणारीच हवी. जर्मनीच्या नीतितज्ज्ञांच्या समितीने 2017 मध्ये यावर पडदाच टाकला: अपघात अटळ असेल तेव्हा वय, लिंग असा कुठलाही भेद करायचा नाही. मला हे पटतं, आणि ते माझ्या वयामुळे नव्हे.

लोकांना विचारायचंच असेल तर हे विचारा: समोर काय आहे ते कळेना, तर गाडीने लगेच वेग कमी करावा का? त्यापायी ती दहा वेळा विनाकारण थबकली आणि पोचायला उशीर झाला, तर चालेल का? आणि हे आत बसणाऱ्यांइतकंच पायी चालणाऱ्यांनाही विचारा. कंपन्यांनी ब्रेकचे हे हिशेब परवाना मिळण्याआधी जाहीर केले पाहिजेत. विनाकारण ब्रेक मारला म्हणून मागच्या सीटवरून मीही पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. गाडीलाही खाऊ द्यात.

आपला,
एक निवृत्त वाहनचालक