विचारवंतांच्या पंगतीत आंबेडकर कधी?

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

मी समाजशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका. गेली काही वर्षे नागपुरातल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांना हा विषय शिकवते. मुले यवतमाळ, वर्धा, भंडाऱ्याकडची. खोली करून राहतात, डबा लावतात आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेतात. त्या अभ्यासक्रमाबद्दल मनात बरेच दिवस सलत असलेली गोष्ट आपल्या पत्रातून मांडू इच्छिते.

पहिल्या पेपरात समाजशास्त्रीय विचारवंत म्हणून सहा नावे आहेत : मार्क्स, दुर्खीम, वेबर, पार्सन्स, मर्टन आणि मीड. दुसऱ्या पेपरात जातिव्यवस्थेसाठी घुर्ये, श्रीनिवास, ड्युमाँ आणि बेते. दोन्हीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव नाही. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे, त्याच शहरातला विद्यार्थी जातीवरचे उत्तर लिहिताना त्यांचा सिद्धांत म्हणून एक ओळ लिहीत नाही. विचारले तर म्हणतो, ‘मॅडम, ते समाजसुधारकांत येतात, थिअरीत नाही.’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी मला तितकेच लागते.

पाश्चात्त्य विचारवंतांना काढून टाका, असे मला म्हणायचे नाही. दुर्खीम तर मी फार जिव्हाळ्याने शिकवते. १८९७ साली त्यांनी आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. माणसाच्या इतक्या खासगी कृतीचे प्रमाणही प्रत्येक समाजात वर्षानुवर्षे जवळपास ठरलेले राहते, धर्माप्रमाणे, विवाहित-अविवाहितांप्रमाणे बदलते, म्हणजे तिची कारणे समाजाच्या घडणीतही शोधली पाहिजेत, असे त्यांनी आकडेवारीतून मांडले. यवतमाळकडचा मुलगा हे ऐकताना वही मिटून बसतो. गावात एखादा शेतकरी गेला की ‘मनानंच कच्चा होता’ असे म्हणून लोक मोकळे होतात, ते त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. दुर्खीमांनी ना कापसाचा भाव पाहिला, ना सावकार. पण ‘मनाने कच्चा’ या शब्दावर विषय संपत नाही, हे त्या मुलाला त्यांच्यामुळे कळते. चांगला सिद्धांत दूरच्या माणसाच्याही असा कामी येतो, म्हणून तर शिकवायचा.

आता ९ मे १९१६ कडे येते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचे आंबेडकर भारतातील जातींवर निबंध वाचतात. जातींची रचना, उगम आणि विकास हा विषय. सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, या चौघा अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या ते एकेक करून तपासतात आणि स्वतःचे म्हणणे मांडतात : जातीचे मर्म अंतर्विवाहात, म्हणजे गटातल्या गटातच लग्न करण्यात, आहे. ज्या समाजात सगोत्र विवाह निषिद्ध मानून गोत्राबाहेर लग्ने होत होती, त्याच समाजावर जातीतच लग्न करण्याचे बंधन लादले गेले, आणि त्यातून जात निर्माण झाली.

यापुढचा भाग मला विलक्षण वाटतो. गट बंद करायचा तर लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई ‘जास्तीची’ होते, बायको मेली की पुरुष ‘जास्तीचा’ होतो. बाईचे काय करायचे? सती किंवा सक्तीचे वैधव्य. पुरुषाला तर जाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी लग्नाच्या वयाला न आलेली लहान मुलगी. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींना ते एकाच गणिताने बांधतात. पुढे त्यांची टीपही तितकीच नेमकी : एका वर्गाने दार लावून घेतले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. अनुकरणाच्या या मुद्द्यासाठी ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांचा आधार घेतात. वरच्या जातींच्या अनुकरणातून होणाऱ्या बदलाला श्रीनिवासांनी ‘संस्कृतीकरण’ हे नाव दिले, ते १९५२ सालच्या ग्रंथात. श्रीनिवासांचा अभ्यास मोठाच आहे. पण मधल्या छत्तीस वर्षांचा हिशेब मुलांना कोणी सांगायचा?

गेल्या वर्षी हा निबंध वर्गात वाचत होतो. वर्धा जिल्ह्यातली एक मुलगी मध्येच म्हणाली, ‘मॅडम, हे त आमच्या घरचंच लिवलं आहे.’ तिच्या पणजीच्या बहिणीचा पाट, म्हणजे विधवेचा पुनर्विवाह, लागला होता, घरात कोणाला त्याचे काही वाटत नव्हते. पुढे घरी वाडा आला, ओलिताची जमीन आली, आणि पाट लावणे कमीपणाचे झाले. तिची एक चुलत आजी विसाव्या वर्षी विधवा झाली ती आयुष्यभर तशीच राहिली, आणि त्याच घरातल्या बिजवर काकांना वर्षाच्या आत पंधरा वर्षांची मुलगी मिळाली. हे सांगताना तिचा आवाज चढला होता. मग मी रविवारच्या वर्तमानपत्राचे ‘वधू-वर पाहिजेत’ हे पान बाकावर पसरले. जातीनिहाय रकाने. कोणी काही बोलेना. अंतर्विवाहाची व्याख्या त्या दिवसानंतर मला फळ्यावर लिहावी लागली नाही.

अमेरिकेतही असेच घडले आहे. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ड्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत घरोघर फिरून केलेला अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तिथल्या समाजशास्त्राने त्यांना कित्येक दशके संस्थापकांत धरले नाही. आंबेडकर आणि ड्यू बॉइस यांचा १९४६ मध्ये पत्रव्यवहारही झाला होता.

महात्मा फुल्यांविषयीही माझे हेच म्हणणे आहे. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त इतिहास, धर्म आणि सत्ता यांचा संबंध लावलेला आहे, तो स्वतंत्र पत्राचा विषय.

माझ्या दोन विनंत्या आहेत. आयोगाने आणि आपल्या विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी १९१६ चा हा निबंध जातीवरचा मूळ सिद्धांत म्हणून, घुर्ये आणि ड्युमाँ यांच्या आधी, अभ्यासाला लावावा. दुसरी विनंती आपल्याला : येत्या ९ मे रोजी आपल्या पुरवणीत त्याचा मराठी अनुवाद छापावा. मूळ इंग्रजी निबंध महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात आहे. आमच्या अभ्यासिकेत मराठी अनुवादाची एकच पुस्तिका आहे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरून एका मुलाने आणलेली. तिच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढून आता शेवटची चार पाने वाचता येत नाहीत.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, नागपूर