टाळीवर म्हणून बघ

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस, तेव्हाच कळलं की काहीतरी मनाला लागलंय. तुझी वही चाळून त्या संपादकांनी विचारलं म्हणे, "बालगीतं ठीक आहेत, पण गंभीर लेखन कधी सुरू करणार?" मला फार राग आला. मग रात्री झोप लागेना. गेल्या दिवाळीत मीही तुला जवळजवळ हेच विचारलं होतं ना? ते मी विचारायला नको होतं.

विंदा करंदीकरांचं तुला नव्याने काय सांगू! भायखळ्याची राणीची बाग पाहण्याआधी तुला पुस्तकातली 'राणीची बाग' पाठ होती. दात येताना तू त्याचा कोपरा चावला होतास, त्या खुणा अजून आहेत. मी पाठशिवण घालून ते पुस्तक जपलंय.

पण ते पुस्तक लिहिणारा माणूस कोण होता, हे तेव्हा तुला सांगायचं राहिलं. गोविंद विनायक करंदीकर. जन्म १९१८ चा, देवगड तालुक्यातला. कोल्हापुरात शिकले, पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवलं. १९४९ साली 'स्वेदगंगा', मग 'मृद्गंध', 'धृपद', 'जातक'. वसंत बापट आणि मंगेश पाडगावकरांबरोबर गावोगाव कवितावाचनं केली, सभागृहं भरून जायची. 'अष्टदर्शने'त तर त्यांनी स्पिनोझा, कांट, नीत्शे आणि आपला चार्वाक असे आठ तत्त्वज्ञ कवितेत आणले. २००३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. मराठीत त्याआधी ते खांडेकर आणि कुसुमाग्रजांनाच मिळालं होतं.

आता हे नीट वाच. १९६५ साली त्यांनी ग्योथेच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग मराठीत आणला, आणि त्याच वर्षी 'परी गं परी' आलं. १९७४ साली शेक्सपिअरचा 'राजा लिअर', आणि त्याच वर्षी मुलांसाठी 'अजबखाना'. लिअरचा तो वादळातला आकांत मराठीत उतरवणारा हात आणि अजबखान्यात मुलांना फिरवणारा हात एकच. यातला कोणता गंभीर आणि कोणता फावल्या वेळातला, हे मला तरी ठरवता येत नाही. पंचाहत्तरीच्या सुमारासही ते 'सात एके सात' आणि 'बागुलबोवा' लिहीतच होते. बालकविता ही पायरी असती, तर ती त्यांनी केव्हाच ओलांडली असती.

'पिशी मावशी' आठवते? तू अंधाराला घाबरायचीस, तरी तीच कविता पुन्हा पुन्हा वाचायला लावायचीस, माझ्या पदराआड तोंड लपवून. भुतं नसतातच, असं विंदा मुलांना समजावत बसले नाहीत. त्यांनी सगळी भुतावळच खेळायला घेतली. मुलाच्या भीतीला एवढा मान देणं सोपं नसतं गं.

माझ्या शाळेतली एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. दुसरीचा वर्ग होता. आषाढातला पाऊस, कौलं गळत होती, म्हणून मुलांना सतरंजीवर एका कोपऱ्यात ओढून बसवलं होतं. एक मुलगा जूनपासून तोंडच उघडत नव्हता. त्या दिवशी राज्य कोणावर, म्हणून मुलांनी सुरू केलं, "अडम् तडम् तडतड बाजा..." बोट फिरत फिरत त्याच्यावर आलं आणि शेवटचा शब्द त्याने म्हटला. मोठ्याने. सगळी मुलं त्याच्याकडे बघत राहिली. मी पाठ फिरवून फळा पुसायला लागले, कारण डोळे भरून आले होते. विंदांच्या एका बालकवितासंग्रहाचं नावच 'अडम् तडम्' आहे. आजही तो संग्रह हातात घेतला की तो मुलगा आठवतो.

त्या वर्गात मी आणखी एक शिकले. मुलाला वृत्त माहीत नसतं, पण एक मात्रा कमी पडली की त्याची टाळी हवेत थांबते. मोठा वाचक भिडेखातर सांभाळून घेतो. मूल सांभाळून घेत नाही, सरळ उठून खेळायला जातं. 

म्हणून मी काल तुझ्या तीन कविता शेजारच्या पोरांना ओटीवर बसवून टाळीवर म्हणायला लावल्या. पहिली त्यांनी चार वेळा म्हटली, पाचव्यांदा मला म्हणू दिलीच नाही, स्वतःच म्हटली. पावसाची कविता जरा लांबते. कावळ्याच्या कवितेत दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला तिघंही अडखळली; तिथे 'परंतु' आहे, ते मुलांच्या तोंडी बसत नाही. धाकटीने आपणच 'पण' करून टाकलं आणि पुढे गेली. मला तिचंच बरोबर वाटतं. तू एकदा म्हणून बघ.

शनिवारी दादा येतोय, त्याच्याबरोबर 'राणीची बाग' पाठवते. कोपरा सांभाळ.

तुझी,
आई