मूठभर धान्य

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

कंपनीच्या सीएसआरचं, म्हणजे नफ्यातला काही पैसा समाजासाठी खर्च करायचं काम तुझ्याकडे आलं, हे वाचून फार बरं वाटलं. "तुमच्या भागात पैसे कशाला देऊ, सांग," असं विचारलंस. उत्तर लांबणार आहे, सावकाश वाच.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चिखली-आंबेवाडीत शिरली, तेव्हा मी तालमीच्या पोरांबरोबर होतो. पाणी ओसरल्यावर बाहेरच्या एका संस्थेनं कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आणून उतरवले. देणाऱ्यांची माया खरी होती. पण म्हशी उपाशी होत्या. एका मावशींनी मला एवढंच विचारलं, "बाळा, वैरण आणलीस काय?" ओल्या वैरणीच्या ट्रॉल्या आल्या त्या वरच्या अंगाच्या, पुरातनं वाचलेल्या गावांतनं. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांच्याही गोठ्यात म्हशी होत्या.

तेव्हापासून मला आपल्या कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील सारखे आठवतात. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मुष्टिफंड चालवला: घरोघरच्या बायका रोजच्या धान्यातलं मूठभर बाजूला ठेवायच्या. ते पुरेना, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. मूठ देणारी बाई गरीबच होती रे, पण "पोरं पोटभर जेवतात का? शिकतात का?" हे विचारायचा तिचा हक्क होता. बाहेरून आलेल्या मोठ्या देणगीत नेमका हाच हक्क हरवतो.

बाहेरचा पैसा नको, असं मी म्हणत नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, तेव्हा दरबारनं जागा दिल्या, अनुदानं दिली आणि कारभार त्या त्या समाजाच्या माणसांवर सोपवला. केनियातही स्वातंत्र्यानंतर गावोगाव लोकांनी वर्गणी आणि अंगमेहनत घालून शाळा बांधल्या. त्याला तिथं 'हरांबे' म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढा. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यातही कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्या असं आहे. पण परिसरात पैसा पोचणं वेगळं आणि परिसरानं तो कशाला लागेल हे ठरवणं वेगळं. तू यातलं दुसरं कर.

म्हणून कशाला देऊ, हे मला विचारू नको. नदीकाठच्या एका गावातल्या बचत गटाच्या बायका पुरात वैरण सुरक्षित राहावी म्हणून गावच्या उंचवट्यावर शेड बांधायचं म्हणतायत. वर्गणी सुरू झालीय, हिशेबाची वही देवळात सगळ्यांसमोर वाचली जाते. जागेवरून अजून वाद चालू आहे. तो त्यांनाच मिटवू दे. तू पुढच्या रविवारी ये, नुसता ऐकायला बस. फॉर्म, फोटोवाला, कंपनीचा फलक यातलं काही आणू नको. किती कमी पडतंय ते त्याच सांगतील.

आईनं तुझ्यासाठी तांबड्या रश्श्याचं आत्ताच ठरवून टाकलंय. काकांना नमस्कार सांग.

तुझाच,
पेठेतला दोस्त